नायवॉट धारेची रोजकीर्द

दंडगोलाची एक फेरी पूर्ण व्हायला बरोबर सात दिवस लागतात. त्याच्याभोवती आखीव कागद गुंडाळलेला असतो आणि कागदावर दोन लेखण्या टेकलेल्या असतात, एक तापमानाची आणि एक दमटपणाची. दमटपणाची लेखणी हलते ती माणसाच्या केसांमुळे. हवा दमट झाली की केस किंचित लांबतात, कोरडी झाली की आखडतात आणि तेवढ्या हालचालीवर लेखणी वर-खाली होते. आतले घड्याळ किल्लीचे. आठव्या दिवशी कोणी कागद बदलला नाही तर नवी रेघ जुन्या रेघेवर चढते आणि दोन्ही आठवड्यांच्या नोंदी एकमेकींत अडकतात. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात, समुद्रसपाटीपासून ३७३९ मीटर उंचीच्या उघड्याबोडक्या डोंगरधारेवर असा कागद बदलायला दर आठवड्याला माणूस जात असे. ऐन जानेवारीतही जात असे, स्कीवरून, वाऱ्याला तोंड देत.

नायवॉट रिज या संशोधन क्षेत्राचा इतिहास लिहिताना निधी, ठराव, इमारती आणि संचालकांची नावे यांनी सुरुवात करता आली असती. पण या संस्थेचे खरे भांडवल तो आठवड्याचा कागद आहे. बाकी सगळे त्याच्या आधाराने उभे राहिले.

बोल्डर शहरापासून पश्चिमेला साधारण चाळीस किलोमीटर रस्ता चढून गेले की कोलोरॅडो विद्यापीठाचे माउंटन रिसर्च स्टेशन लागते. उंची २९०० मीटरच्या आसपास. आणखी आठ-नऊ किलोमीटर पश्चिमेला उत्तर अमेरिकेचा मुख्य जलविभाजक आहे. त्याच्या अलीकडे पडलेले पाणी अटलांटिककडे वाहते आणि पलीकडचे पॅसिफिककडे. या दोहोंच्या मध्ये पूर्व-पश्चिम पसरलेली लांबट धार म्हणजे नायवॉट रिज. नायवॉट हा अरापाहो जमातीचा सरदार. त्या नावाचा अर्थ 'डावखुरा'. १८६४ च्या सँड क्रीक हत्याकांडात त्याच्या जमातीची माणसे मारली गेली. ज्या लोकांकडून ही भूमी हिसकावली गेली, त्यांच्या सरदाराचे नाव तिच्यावर राहिले. हे या इतिहासात नोंदवलेच पाहिजे.

धारेच्या खालच्या अंगाला सूचिपर्णी जंगल आहे. एंगलमन स्प्रूस, सबअल्पाइन फर आणि लॉजपोल पाइन ही तीन मुख्य झाडे. जंगल दाट दिसते, पण फार जुने नाही. सोन्याचांदीच्या खाणींच्या धामधुमीत या डोंगरांतले लाकूड बेसुमार तोडले गेले. आज जिथे वैज्ञानिक मनोरा उभा आहे तिथलेही जंगल विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तोडले गेले होते. म्हणजे तिथली झाडे तोडीनंतर आपली आपण उगवलेली, शंभर-सव्वाशे वर्षांची आहेत. या उंचीवर झाड फार सावकाश वाढते. इतक्या वर्षांनंतरही तिथल्या झाडांची सरासरी उंची अकरा-बारा मीटरच आहे. वर्षाचे सरासरी तापमान दीड अंशाच्या आसपास, पाऊस आणि बर्फ मिळून वर्षाला साधारण ८०० मिलिमीटर पाणी. त्यातला निम्म्याहून अधिक वाटा बर्फाचा.

विद्यापीठाने १९२० च्या सुमारास इथे उन्हाळी शिबिराची जागा केली. विद्यार्थी येत, फुले-पाने गोळा करत आणि परत जात. तिला कायमचे रूप आले ते जॉन मार या परिस्थितिकी शास्त्रज्ञामुळे. १९५१ मध्ये विद्यापीठात ध्रुवीय आणि पर्वतीय प्रदेशांच्या अभ्यासाची संस्था निघाली. पुढे 'इनस्टार' या नावाने ती जगभर ओळखली गेली. मार तिचे संस्थापक. त्यांचा प्रश्न साधा होता. डोंगर चढत जाताना झाडे बदलतात, एका उंचीनंतर ती संपतात आणि गवताळ, दगडाळ टुंड्रा सुरू होतो. हे ज्या हवामानामुळे होते ते आकड्यांत कसे असते?

उत्तरासाठी त्यांनी १९५२ मध्ये डोंगराच्या पूर्व उतारावर चार ठिकाणी हवामानकेंद्रे बसवली. ए-१ हे २१९५ मीटरवर, पाँडेरोसा पाइनच्या पट्ट्यात. बी-१ त्याच्या वर, सुमारे २६०० मीटरवर. सी-१ हे ३०२० मीटरवर, स्प्रूस-फरच्या जंगलात. आणि डी-१ हे ३७३९ मीटरवर, झाडांच्या हद्दीच्या कितीतरी वर. चार पायऱ्या, चार वनस्पतिपट्टे, सगळीकडे सारखी उपकरणे. १९६१ मध्ये मार यांनी या पूर्व उतारावरच्या परिसंस्थांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. पहिला प्रश्न तेवढ्यावर सुटला असे म्हणता आले असते. तरी केंद्रे बंद झाली नाहीत, आणि संस्थेच्या इतिहासातला सर्वांत मोठा निर्णय हाच, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. सी-१ आणि डी-१ आजही चालू आहेत. डी-१ ची नोंद अमेरिकेतल्या इतक्या उंचीवरच्या सर्वांत दीर्घ नोंदींपैकी एक आहे.

उंचीवर मोजणे म्हणजे काय, हे मैदानात बसून कळत नाही. साधे पर्जन्यमापक घ्या. आपल्याकडे तहसील कचेरीच्या आवारात ते नळकांडे उभे असते, पाऊस सरळ त्यात पडतो आणि माणूस सकाळी पट्टी बुडवून बघतो. नायवॉटच्या धारेवर हिवाळ्यात वाऱ्याचा सरासरी वेगच सेकंदाला दहा मीटरच्या वर असतो. त्या वाऱ्यात बर्फ आडवा धावतो. आकाश निरभ्र असतानाही जमिनीवर पडलेला जुना बर्फ उडून मापकात शिरतो आणि कागदावर 'हिमवर्षाव' म्हणून उमटतो. धारेवरच्या सॅडल या खिंडीतल्या मापकाने हिवाळ्यात टिपलेल्या आकड्यातला निम्म्याहून जास्त भाग असा उडालेल्या बर्फाचा असतो, हे कसून तपासणी केल्यावर लक्षात आले. खाली जंगलात, झाडांच्या आडोशाला, ही अडचण फारच कमी. म्हणून सी-१ चा बर्फाचा आकडा अधिक विश्वासाचा मानला जातो.

१९६७ मध्ये या धारेवर आणखी एक काम सुरू झाले. काचेच्या चंबूंत धारेवरची हवा भरून ती प्रयोगशाळेत न्यायची आणि तिच्यात कार्बन डायऑक्साइड किती आहे ते मोजायचे. अमेरिकेच्या 'नोआ' या सरकारी संस्थेचे जगभर पसरलेले हवा-नमुन्यांचे जाळे इथूनच सुरू झाले. हवाईतल्या माउना लोआवर चार्ल्स कीलिंग यांनी १९५८ मध्ये नोंद सुरू केली होती. तिच्या पाठोपाठ जगात ज्या थोड्या नोंदी इतक्या जुन्या आहेत, त्यांत नायवॉट आहे. काम सुरू झाले तेव्हा हवेतल्या दर दहा लाख रेणूंमागे या वायूचे सुमारे ३२२ रेणू होते. आज ४२० हून जास्त आहेत.

मराठी वाचकाला हे काम फार परके वाटायला नको. गोव्यात काणकोण तालुक्यात काबो द रामा किल्ल्याच्या भूशिरावर १९९३ ते २००२ या काळात अशाच चंबूंत हवा भरली जात होती. अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेतले शास्त्रज्ञ आणि ऑस्ट्रेलियाची सीएसआयआरओ यांचे ते संयुक्त काम होते. पावसाळ्यात समुद्रावरून येणारी स्वच्छ हवा आणि हिवाळ्यात भूभागावरून येणारी हवा यांतला फरक त्यातून स्पष्ट दिसला. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने २००९ पासून सिंहगडावर असे नमुने घ्यायला सुरुवात केली. पिठलं-भाकरी खायला गडावर जाणाऱ्या पुणेकरांपैकी फार थोड्यांना याची कल्पना असेल. काबो द रामाची नोंद जवळजवळ दहा वर्षांची, नायवॉटची अर्धशतकाहून अधिक. हा फरक बुद्धीचा किंवा साधनांचा मुळीच नाही. तो फक्त सातत्याचा आहे, आणि म्हणूनच तो भरून काढता येण्याजोगा आहे.

१९७९ मध्ये युनेस्कोने नायवॉट रिजला जीवावरण राखीव क्षेत्राचा दर्जा दिला. २०१७ मध्ये अमेरिकेने आपली सतरा क्षेत्रे त्या यादीतून काढून घेतली, त्यात हेही गेले. मोजमापांवर त्याचा परिणाम झाला नाही.

१९८० ची घटना मात्र कामाच्या दृष्टीने मोठी. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाने दीर्घकालीन परिस्थितिकी संशोधनाची योजना आखली आणि पहिल्या फेरीत देशभरातून सहा ठिकाणे निवडली. नायवॉट रिज त्यांतले एक. संशोधनाचा निधी एरवी तीन वर्षांसाठी मिळतो. तेवढ्यात प्रबंध पुरा होतो, पण स्प्रूसचे झाड वीतभरही वाढत नाही. इथे पहिल्यांदाच दशकांच्या हिशेबाने विचार करण्याची सोय झाली. धारेच्या दक्षिणेला ग्रीन लेक्स दरी आहे. तिथले पाणी बोल्डर शहर पिते. नेल केन या भूरूपशास्त्रज्ञाने त्या दरीतल्या ओढ्या-तळ्यांचे नमुने घेण्यात आणि बर्फ मोजण्यात आपल्या आयुष्याची कित्येक दशके घातली.

१९८४ पासून सॅडल खिंडीत पावसाच्या आणि बर्फाच्या पाण्याचे रसायनही तपासले जाऊ लागले. हे राष्ट्रीय जाळ्याचे काम असल्यामुळे वार ठरलेला, मंगळवार. देशभर सगळीकडे नमुना मंगळवारीच बदलतात. या नोंदींनी एक गोष्ट पुराव्यानिशी समोर आणली. खालच्या मैदानातल्या मोटारी, कारखाने, खत घातलेली शेते आणि गुरांचे गोठे यांतून निघणारी नायट्रोजनची संयुगे वाऱ्याबरोबर वर चढतात आणि पावसातून, बर्फातून धारेवर उतरतात. गरीब मातीत जगायची सवय असलेल्या डोंगरी वनस्पतींना हे आगंतुक खत मानवत नाही. काही जाती माजतात, काही मागे हटतात आणि उरलेले नायट्रेट तळ्यांत जाते. दूरवरून निर्मळ दिसणारा डोंगर शहराच्या धुरापासून सुटलेला नसतो, हे मुंबई-पुण्याच्या हवेत राहणाऱ्यांना वेगळे सांगायला नको.

आता जंगलातला मनोरा. १९९८ च्या नोव्हेंबरात, सी-१ पासून जवळच, ३०५० मीटर उंचीवर सव्वीस मीटरचा सांगाड्याचा मनोरा काम करू लागला. रसेल मॉन्सन हे त्याचे प्रमुख. मनोऱ्याचा माथा झाडांच्या शेंड्यांच्या बराच वर जातो. शेंड्यांवरून वाहणारी हवा सरळ वाहत नाही, भोवरे घेत वाहते. काही भोवरे खालची हवा वर नेतात, काही वरची खाली आणतात. खाली येणाऱ्या हवेत कार्बन डायऑक्साइड जास्त आणि वर जाणाऱ्या हवेत कमी असेल, तर मधला फरक जंगलाने खाल्ला. उलट असेल तर जंगलाने तेवढा सोडला. हे टिपायला ध्वनिलहरींवर चालणारा वायुवेगमापक आणि अवरक्त किरणांवर चालणारा वायुविश्लेषक, दोघेही सेकंदाला दहा वेळा नोंद करतात. अर्ध्या तासाची बेरीज करून एक आकडा निघतो. दिवसाला अठ्ठेचाळीस आकडे, उन्हातान्हात आणि हिमवादळातही.

वाण्याच्या दुकानात रोजकीर्द लिहितात तसाच हा प्रकार. जमा किती, नावे किती, शिल्लक काय. पहिल्या वर्षांत दिसलेली शिल्लक दर चौरस मीटरला वर्षाकाठी साधारण साठ ते ऐंशी ग्रॅम कर्बाची. उन्हाळ्यात जंगल कमावते आणि हिवाळाभर श्वासावाटे त्यातला मोठा भाग खर्च करते. वर्षाअखेरीस हातात थोडेच उरते.

या रोजकिर्दीत एक चोरवाट होती. रात्री डोंगरावरची हवा थंड होऊन जड होते आणि ओढ्याच्या पाण्यासारखी उतारावरून खाली घरंगळते. जंगलाने सोडलेला वायू तिच्याबरोबर झाडांच्या बुंध्यांमधून निघून जातो आणि मनोऱ्याच्या माथ्यावरच्या यंत्राला त्याचा पत्ताच लागत नाही. सपाट मैदानासाठी बनलेली पद्धत डोंगरात फसते ती इथे. नायवॉटच्या मंडळींनी ही अडचण झाकली नाही. झाडांच्या खाली वेगळी यंत्रे लावली, उतारावरचा प्रवाह मोजला, २००४ मध्ये तर डोंगरातल्या कर्बाचा माग काढायला जमिनीवरून आणि विमानातून मोठी मोहीमच केली. जगात जिथे जिथे डोंगरउतारावर असे मनोरे उभे राहतात, तिथे नायवॉटच्या या धड्यांचा उपयोग होतो.

बर्फाखाली काय चालते, हा या ठिकाणचा सर्वांत विलक्षण अध्याय. हिवाळ्यात जंगल निपचित पडल्यासारखे वाटते. पण मीटरभर बर्फ मातीला गोधडीसारखा असतो. वर उणे वीस अंश असले तरी खालची माती शून्याच्या जरा खाली टिकून राहते आणि त्या गारठ्यातही काही सूक्ष्मजीव जोमाने वाढतात. २००६ मध्ये मॉन्सन आणि सहकाऱ्यांनी 'नेचर' या नियतकालिकात दाखवून दिले की बर्फ कमी पडला की गोधडी पातळ होते, माती अधिक गारठते आणि सूक्ष्मजीवांचे श्वसन एकदम मंदावते. अंश-दीड अंशाच्या फरकानेही त्यांचे काम कितीतरी पटींनी बदलते. जो वायू हिवाळ्यात निघाला असता तो कमी निघतो. म्हणजे बर्फाची जाडी कर्बाचा हिशोब बदलते. ही गोष्ट हिवाळाभर चालणारे यंत्र नसते तर कुणाच्या ध्यानीमनीही आली नसती.

वसंताची गोष्ट तर त्याहून अनपेक्षित. बर्फ लवकर वितळला तर झाडांना वाढायला अधिक दिवस मिळतील, मग ती जास्त कर्ब शोषतील, असे कुणालाही वाटेल. नायवॉटच्या अनेक वर्षांच्या नोंदींनी उलटे सांगितले. बर्फ लवकर जातो तो बहुधा मुळातच कमी पडलेला असतो म्हणून. झाडे भर उन्हाळ्यातही बरेचसे बर्फाचेच पाणी पीत असतात. खोडातल्या पाण्यातल्या हायड्रोजनच्या समस्थानिकांवरून ते ओळखता येते. मग उन्हाळा लांबला तरी ओलावा पुरत नाही आणि वर्षाअखेरची शिल्लक घटते. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेला हा निष्कर्ष नऊ वर्षांच्या सलग नोंदीशिवाय काढताच आला नसता. दोन वर्षांच्या प्रकल्पातून कदाचित नेमका उलटा निष्कर्ष हाती लागला असता.

सूचिपर्णी झाडांची आणखी एक फसवी सवय. ती बारा महिने हिरवी दिसतात. उपग्रहातून बघितले तर जानेवारी आणि जुलै सारखेच हिरवे. प्रत्यक्षात हिवाळ्यात सुया जवळपास काम बंद ठेवतात आणि पानांतली रक्षक रंगद्रव्ये नको असलेला सूर्यप्रकाश उष्णतेच्या रूपात सोडून देतात. २०१७ पासून मनोऱ्याच्या माथ्यावर एक वर्णपटमापक बसवून हरितद्रव्यातून निघणारी अतिशय फिकी लालसर चमक मोजली गेली. ती चमक प्रकाशसंश्लेषणाबरोबर चढते आणि उतरते, हे २०१९ मध्ये ट्रॉय मॅग्नी आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केले. उपग्रहांवरून जगभरच्या सदाहरित जंगलांचा खरा हंगाम ओळखायला आता त्याचा आधार मिळतो.

चुकांबद्दलही लिहायला हवे. १९९० च्या दशकात डी-१ च्या चाळीसेक वर्षांच्या नोंदीवरून असे प्रसिद्ध झाले की बाकीचे जग तापत असताना ही धार गार होते आहे आणि तिच्यावर बर्फ वाढतो आहे. हे प्रामाणिक संशोधन होते. नंतर नोंद आणखी लांबली, उपकरणे कधी बदलली आणि त्याने आकड्यांत किती फरक पडला याचा छडा लावून जुने आकडे दुरुस्त केले गेले, तेव्हा इथेही तापमान वाढल्याचे दिसले. ही दुरुस्ती शक्य झाली ती जुने कागद, उपकरण बदलल्याच्या तारखा आणि भेटींची टिपणे जपून ठेवली होती म्हणून. केवळ अंतिम आकडा जपला असता तर चूक कायमची बसली असती.

शेजारच्या वायोमिंग राज्यात मेडिसिन बो पर्वतात, ३१९० मीटरवर, अमेरिकेच्या वनखात्याचे 'ग्लीस' नावाचे असेच केंद्र आहे. तिथला मनोरा १९९९ पासून चालू आहे. त्याच्या डोळ्यांदेखत स्प्रूस भुंगेऱ्यांच्या साथीने मोठाली झाडे मेली आणि जंगलाचा श्वास कसा बदलत गेला याची अखंड नोंद झाली. साथ येणार हे कुणालाच माहीत नव्हते. यंत्र आधीपासून चालू होते म्हणून साथीच्या आधीचे आणि नंतरचे जंगल ताडून पाहता आले.

नायवॉटचा मनोरा पुढे पीटर ब्लँकेन, शॉन बर्न्स आदींनी सांभाळला. वर टुंड्रात कॅथरीन सडिंग यांच्या गटाने बर्फावर काळी वाळू पसरून तो लवकर वितळवण्याचा प्रयोग चालवला, म्हणजे उद्याचे कमी बर्फाचे वसंत आजच पाहता येतील. या साऱ्या नोंदी कोणालाही, कुठूनही, विनामूल्य उतरवून घेता येतात. पुण्यातला किंवा रत्नागिरीतला पदव्युत्तर विद्यार्थी बसल्या जागी १९५२ सालच्या डी-१ च्या तापमानापासून अभ्यासाला सुरुवात करू शकतो. पर्यावरणशास्त्राच्या मराठी विद्यार्थ्यांनी ही सोय जरूर वापरावी.

आणि वाचकांना एक विनंती. आपल्याकडे जुन्या इनामदारांच्या वाड्यांत, शाळांत, साखर कारखान्यांत, धरणांच्या चौक्यांत पावसाच्या नोंदींच्या वह्या पडून आहेत. कुठे शाई फिकटली आहे, कुठे वाळवी लागली आहे. कुठे मधले एखादे पान नाही, पण मापक कधी बदलले याची समासात टीप आहे. अशी वही हाती आली तर ती रद्दीत घालू नका. पान न फाडता, समासातल्या टिपांसह, तिची छायाचित्रे काढा आणि जवळच्या महाविद्यालयाच्या भूगोल विभागाकडे द्या.